तिसाव्या दिवसाची जबाबदारी

भारतात दरवर्षी सुमारे अडीच कोटी बालके जन्माला येतात. आंतरराष्ट्रीय अंदाजांनुसार २०२० मध्ये त्यांपैकी सुमारे ३० लाख बालके दिवस भरण्याआधी, म्हणजे गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मली. जगातील कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यांतील अगदी लहान, दीड किलोच्या आतबाहेरची बालके जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचितच जगत. आज त्यांतील बरीच जगतात, आणि गेल्या दोन दशकांतील आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची ही फार मोठी कमाई आहे. परंतु या कमाईबरोबर एक कर्तव्यही आले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा जीव वाचल्यावर त्याची दृष्टी जाऊ नये, यासाठी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा एकदा जाणत्या नजरेखालून जावा लागतो. ती नजर आपल्या बहुतेक जिल्ह्यांत नाही. ती घडवायची कशी आणि घडवल्यावर तिथे टिकवायची कशी, हा प्रश्न वरकरणी वैद्यकीय आहे. प्रत्यक्षात तो बराचसा प्रशासनाचा आहे.

या विकाराला वैद्यकात ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’ आणि व्यवहारात ‘आरओपी’ म्हणतात. गर्भात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून डोळ्याच्या मागच्या भागातून कडांकडे वाढू लागतात आणि दिवस भरता भरता ही वाढ पूर्ण होते. अठ्ठाविसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात ती अर्धवट असते. गर्भाशयात बाळाला प्राणवायू बेताचा मिळतो. बाहेर आल्यावर, विशेषतः नळीवाटे प्राणवायू दिल्यावर, त्याचे प्रमाण एकदम वाढते आणि वाहिन्यांची वाढ खुंटते. पुढे काही आठवड्यांनी दृष्टिपटलाचा जो भाग वाहिन्यांविना राहिला, त्याला प्राणवायू कमी पडू लागतो आणि तिथे नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. बहुतेक बालकांत हा विकार आपोआप मावळतो. थोड्यांत तो बळावतो, तंतुमय जाळे तयार होते, ते पडद्याला ओढते आणि अखेर पडदा सुटतो.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, वेळीच लेसर उपचार झाला किंवा काही प्रकारांत डोळ्यात इंजेक्शन दिले, तर बहुतेक बालकांची दृष्टी वाचते. विकार उपचाराच्या पायरीवर आला, की त्यानंतर ४८ ते ७२ तासांत उपचार व्हावा लागतो. पडदा पूर्ण सुटल्यावर मोठ्या शस्त्रक्रियेनेही फारसे हाती लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, या साऱ्या काळात डोळा बाहेरून अगदी निरोगी दिसतो. तो लाल होत नाही, त्यातून पाणी येत नाही. बाळ आपल्या तोंडाकडे पाहत नाही, हे आईच्या लक्षात येते ते काही महिन्यांनी, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून लक्षण दिसल्यावर डॉक्टरकडे जाण्याची नेहमीची रीत इथे निरुपयोगी ठरते. ज्या बाळाला धोका असू शकतो, त्या प्रत्येक बाळाची तपासणी व्यवस्थेनेच ठरवून करावी लागते.

माझे पदव्युत्तर शिक्षण इतिहासाचे. आरोग्याच्या प्रश्नांवरील नस्त्या हाताळताना त्या शिक्षणाचा मला अनेकदा उपयोग झाला. आरओपीचा इतिहास तर प्रत्येक आरोग्य सचिवाने वाचावा असा आहे. १९४२ साली बोस्टनमधील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी या विकाराचे पहिले वर्णन केले. पुढील दशकभर अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कारण शोधत राहिले. उत्तम रुग्णालयांत, नव्या बंदिस्त काचपेट्यांत वाढलेली बालकेच अधिक संख्येने अंध होत होती, हे कोडे होते. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी मुबलक प्राणवायूकडे बोट दाखवले आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत तो संशय खरा ठरला. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बालकांची दृष्टी गेली होती. १९५० साली जन्मलेले विख्यात गायक स्टीव्ही वंडर हे त्यांपैकीच एक.

त्यानंतर जे घडले, ते अधिक बोधप्रद आहे. रुग्णालयांनी प्राणवायूवर कडक मर्यादा घातली आणि अंधत्व झपाट्याने घटले. पण श्वासाच्या त्रासाने बालमृत्यू वाढले. ब्रिटिश संशोधक केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, एका बालकाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बालकांचा जीव गेला असावा. या आकड्याच्या अचूकतेवर वाद होऊ शकतो, पण त्यातला धडा वादातीत आहे. प्राणवायूला घाबरून प्रश्न सुटत नाही. तो मोजून द्यावा लागतो आणि दिल्यावर डोळे तपासावे लागतात. १९७० नंतर श्रीमंत देशांत आणखी लहान बालके जगू लागली, तेव्हा तिथे या विकाराची दुसरी लाट आली. ती नियमित तपासणी आणि उपचारांनी आटोक्यात आली.

तिसऱ्या लाटेकडे लक्ष वेधले ते लंडनच्या डॉ. क्लेअर गिल्बर्ट यांनी. अनेक देशांतील अंधशाळांमधल्या मुलांची तपासणी करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक साधा संबंध दाखवून दिला. जिथे हजार जन्मांमागे साठाहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावतात, तिथे आरओपीने अंध झालेली मुले फारशी सापडत नाहीत, कारण इतकी लहान बालके जगतच नाहीत. जिथे हा दर दहाच्या खाली आहे, तिथे नवजात शुश्रूषा आणि तपासणी दोन्ही चांगल्या असल्याने अंधत्व कमी आहे. संकट आहे ते या दोहोंच्या मधल्या देशांत. तिथे जीव वाचवण्याची साधने पोहोचलेली असतात; डोळे वाचवण्याची पोहोचलेली नसतात. २०१० साली जगात सुमारे वीस हजार बालके आरओपीमुळे अंध किंवा अंधत्वाच्या सीमेवर गेली, असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य अशाच मधल्या देशांतील होती.

आता भारताकडे पाहू. नमुना नोंदणी पाहणीनुसार आपला बालमृत्युदर २००५ मध्ये हजारी ५८ होता. २०२० मध्ये तो २८ वर आला. म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्याच सुमारास आपण गिल्बर्ट यांच्या मधल्या पट्ट्यात शिरलो, आणि आजही त्याच्या मध्यावर आहोत. हे योगायोगाने घडले नाही. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा रुग्णालयात आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष उभा राहिला. त्या नमुन्यावर देशभर विशेष नवजात शुश्रूषा कक्ष, म्हणजे ‘एसएनसीयू’, उभारले गेले. जननी सुरक्षा योजनेने गरीब मातांना रुग्णालयाकडे वळवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये जेमतेम ३९ टक्के प्रसूती संस्थांत होत होत्या. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात गेले. इतक्या थोड्या काळात इतका बदल घडवून आणल्याची उदाहरणे आपल्या प्रशासनाच्या इतिहासात फार नाहीत.

पण या कक्षांसोबत काय गेले आणि काय मागे राहिले, ते पाहिले पाहिजे. काचपेटी गेली, प्राणवायूचे सिलिंडर गेले. हवा आणि प्राणवायू योग्य प्रमाणात मिसळणारे ब्लेंडर सगळीकडे गेले नाहीत. रक्तातील प्राणवायू मोजणारे पल्स ऑक्सिमीटर गेले, तरी त्याची वरची धोक्याची घंटा ९५ वर लावून ठेवायची असते, हे शिक्षण सर्वत्र गेले नाही. त्यामुळे भारतात हा विकार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत मोठ्या बालकांतही आढळतो. चंदीगडच्या पीजीआयमधील दहा वर्षांच्या नोंदींनी हे स्पष्ट केले: १२५० ग्रॅमहून अधिक वजनाच्या बालकांतही गंभीर आरओपी होत होता. अमेरिकेत साधारणपणे दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या, अथवा तीस आठवड्यांपर्यंतच्या बालकांची तपासणी करतात. तो निकष जसाच्या तसा उचलला, तर आपली बरीच बालके निसटतील. म्हणून भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी सांगितली आहे. ३४ ते ३६ आठवड्यांचे, पण आजारपणातून गेलेले बाळही त्यात येते. पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत. अगदी लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. या क्षेत्रातील डॉक्टरांत ‘तीस दिन रोशनी के’ हे घोषवाक्य रूढ आहे.

म्हणजे काय करायचे, ते कागदावर आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश पहिल्यापासून आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत निःसंदिग्ध निर्णय दिला. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९व्या आठवड्यात, १२५० ग्रॅम वजनाची एक मुलगी जन्मली होती. तिला घरी सोडताना डोळे तपासावे लागतील, हे पालकांना कोणी सांगितले नाही, आणि तिची दृष्टी गेली. न्या. खेहर आणि न्या. बोबडे यांच्या पीठाने सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली, तेव्हा ती मुलगी अठरा वर्षांची झाली होती. न्यायालयाने राज्य सरकार आणि डॉक्टर दोघांनाही जबाबदार धरले. हा निर्णय योग्यच होता. मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम माझ्या पाहण्यात आला. मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांनी तपासणीचा नियम कसोशीने पाळायला सुरुवात केली. छोट्या गावांतील काही नेत्रतज्ज्ञ मात्र अशा बाळाला हात लावायला कचरू लागले. निदान चुकले तर कोर्ट, आणि न तपासले तर आपला संबंध नाही, असा तो हिशेब होता. ज्याला काम नीट येते, त्याला अशी भीती कमी वाटते. म्हणून प्रशिक्षणाचा विचार आवश्यक ठरतो.

या देशात वीस हजारांहून अधिक नेत्रतज्ज्ञ आहेत. त्यांतील फारच थोडे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पडदा आत्मविश्वासाने पाहू शकतात. याचे कारण त्यांची अनिच्छा नाही. आपले नेत्रवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण ज्या काळात घडले, त्या काळात देशातील अंधत्व म्हणजे प्रामुख्याने वृद्धांचा मोतीबिंदू होता. १९७६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोजतच वाढला. त्याने लाखो लोकांना दृष्टी दिली, हे विसरता कामा नये. पण त्या व्यवस्थेत घडलेल्या डॉक्टरने शिकताना बाराशे ग्रॅमच्या बाळाचा डोळा क्वचितच पाहिलेला असतो.

ही तपासणी दिसते तितकी सोपी नाही. बाहुली मोठी होण्यासाठी थेंब टाकायचे, पापण्या चिमुकल्या क्लिपने उघड्या ठेवायच्या, डोक्यावर बांधलेल्या ऑप्थाल्मोस्कोपचा उजेड हातातल्या भिंगातून आत सोडायचा आणि दुसऱ्या हातातील बारीक साधनाने बुबुळाच्या बाजूचा भाग हलकेच दाबून पडद्याची कड दृष्टीत आणायची. हे सारे चालू असताना बाळ रडते, हलते, क्वचित त्याचा श्वास थांबतो. शेजारी परिचारिका हवी, बाळाला दुपट्यात गुंडाळलेले हवे. पाहणी काही मिनिटांतच आटोपावी लागते. जे दिसले, ते कोणत्या टप्प्याचे आहे, पुन्हा एका आठवड्याने पाहायचे की दोन, की आजच उपचारासाठी पाठवायचे, हा निर्णय त्याच वेळी घ्यायचा असतो. असे कौशल्य दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. अशा कार्यशाळांच्या उद्घाटनांना मी पुष्कळदा उपस्थित राहिलो आहे. व्याख्याने उत्तम असत आणि प्रमाणपत्रेही सर्वांना मिळत. परंतु अनुभवी डॉक्टरच्या शेजारी उभे राहून दोन-चारशे डोळे पाहिल्याखेरीज हात बसत नाही, असे जाणकार सांगतात, आणि सरकारी प्रशिक्षणाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

म्हणून पहिली गरज अशी, की प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने नवजात कक्षात ठरावीक काळ काम करणे सक्तीचे व्हावे आणि त्याने देखरेखीखाली किती बालके तपासली, याची नोंद परीक्षेसाठी ग्राह्य धरावी. रुग्ण त्याच आवारात आहेत, शिक्षक तयार करता येतात, नव्या इमारतीची गरज नाही. सध्या सेवेत असलेल्या जिल्हा नेत्रशल्यचिकित्सकांसाठी काही आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्यानंतर वर्षभर मार्गदर्शकाशी जोडलेपण हवे. शंका आली की छायाचित्र पाठवून विचारता येईल असे माणूस पाठीशी असले, तर जिल्ह्यातील डॉक्टर हे काम टाळणार नाही.

दुसरी गरज डोळ्यांच्या डॉक्टरबाहेरची आहे. आरओपी टाळण्याचा पहिला हक्काचा माणूस बालरोगतज्ज्ञ आणि त्याहून अधिक रात्रपाळीची परिचारिका. प्राणवायूची पातळी ९० ते ९५ च्या दरम्यान राखणे, जंतुसंसर्ग टाळणे, आईचे दूध देणे, बाळाला आईच्या उराशी ठेवणे, वजन नीट वाढते आहे का ते पाहणे, या सगळ्यांचा डोळ्यांशी संबंध आहे. तपासणीची यादीही याच कक्षात तयार होते. कोणते बाळ पात्र आहे, त्याचा तिसावा दिवस कधी येतो, हे नेत्रतज्ज्ञाला कळण्याचा दुसरा मार्गच नाही. हे काम जिथे नीट चालते, तिथे बहुधा एखादी अनुभवी परिचारिका ती यादी जिवापाड सांभाळत असते.

तिसरा मार्ग कर्नाटकाने दाखवला. बेंगळूरुच्या नारायण नेत्रालयातील डॉ. आनंद विणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘किडरॉप’ हा उपक्रम सुरू केला. तज्ज्ञ गावोगावी जाऊ शकत नाही, म्हणून प्रशिक्षित तंत्रज्ञ बालकांच्या दृष्टिपटलाचा विस्तृत भाग टिपणारा कॅमेरा घेऊन ठरलेल्या वारी जिल्ह्यांतील कक्षांत जातात, छायाचित्रे घेतात, आणि ती दूर बसलेला तज्ज्ञ पाहतो. राज्य सरकार आरोग्य अभियानातून यात भागीदार झाले. या कामी लागणारे परदेशी कॅमेरे फार महाग होते. पुढे बेंगळूरुतच देशी बनावटीचा कॅमेरा तयार झाला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. सुभद्रा जलाली यांनी नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून शहरातील नवजात कक्षांत स्वतः जाऊन तपासणी करण्याची पद्धत रुजवली. पुण्याचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयही या क्षेत्रात काम करत आले आहे.

तंत्रज्ञाने छायाचित्र घ्यावे, या कल्पनेला काही तज्ज्ञांचा आक्षेप आहे. पडद्याची अगदी बाहेरची कड कॅमेऱ्यात येत नाही आणि शेवटी बाळाच्या डोळ्यात डॉक्टरनेच पाहिले पाहिजे, असे ते म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. पण जिथे तुलना कुशल डॉक्टर आणि कॅमेरा यांच्यात नसून कॅमेरा आणि काहीच नसणे यांच्यात आहे, तिथे तो अडसर होता कामा नये. तातडीचा उपचार कोणाला लागेल, हे छायाचित्रातून बहुतेक वेळा कळते. जिथे शंका आहे, तिथे बाळाला पुढे पाठवता येते. छायाचित्राची नोंदही राहते, आणि ती डॉक्टर व पालक दोघांचेही रक्षण करते.

इतके सगळे माहीत असताना काम अडते कुठे? एका राज्याच्या आरोग्य खात्यात असताना मी नवजात कक्षांच्या आढावा बैठकांना बसत असे. त्या काळच्या तक्त्यात दाखल, बरे होऊन घरी, पुढे पाठवले, स्वतःहून नेले आणि मृत्यू, असे रकाने असत. त्याच मजल्यावर दुसऱ्या दालनात अंधत्व नियंत्रणाचा आढावा होई आणि तिथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट वाचले जाई. अपुऱ्या दिवसांचे बाळ पहिल्या दालनात ‘बरे होऊन घरी’ या रकान्यात यशस्वी म्हणून नोंदले जाई आणि दुसऱ्या दालनात ते असतच नसे. दोन लेखाशीर्षे, दोन उपसंचालक, दोन वार्षिक आराखडे. आता मार्गदर्शक सूचना बदलल्या आहेत, काही राज्यांनी रकानेही वाढवले आहेत. पण तिसाव्या दिवशी तपासणी झाली नाही, तर जिल्ह्यात नेमक्या कोणाला जाब विचारायचा, हे आजही बहुतेक ठिकाणी ठरलेले नाही.

दुसरा अडथळा बदल्यांचा. प्रशिक्षण व्यक्तीला मिळते आणि व्यक्ती बदलून जाते. नवजात तपासणी शिकून आलेला नेत्रतज्ज्ञ जिथे नवजात कक्षच नाही अशा उपजिल्हा रुग्णालयात पाठवला गेल्याची उदाहरणे कोणत्याही राज्यात सापडतील. यंत्रांचेही तसेच. कॅमेरा खरेदी होतो, वार्षिक देखभालीचा करार होत नाही, आणि दोन वर्षांनी तो कपाटात जातो. बाहेरच्या मदतीवर चाललेले उपक्रमही याच कारणाने थांबतात. ब्रिटनच्या क्वीन एलिझाबेथ डायमंड ज्युबिली ट्रस्टने गेल्या दशकात भारतातील काही राज्यांत या कामाला मोलाचा आधार दिला. तो ट्रस्ट मुळातच ठरावीक मुदतीसाठी स्थापन झालेला होता. अशा मदतीतून घडलेली माणसे आणि पद्धती राज्यांनी आपल्या नियमित अंदाजपत्रकात सामावून घेतल्या नाहीत, तर मुदत संपताच काम विरते.

इथे आणखी एका इतिहासाची आठवण उपयोगी पडेल. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आपल्याकडे एकेकाळी असंख्य मुले अंध होत. १९७० मध्ये सरकारने या जीवनसत्त्वाचा मोठा डोस मुलांना देण्याचा कार्यक्रम सुरू केला. तो स्थिरावला, तो गोवराच्या लसीबरोबर, म्हणजे जिच्याकडे बाळ तसेही येणारच होते त्या परिचारिकेकडे डोस सोपवल्यामुळे. नव्या कामासाठी नवी यंत्रणा उभारण्यापेक्षा, जी भेट होणारच आहे तिच्याशी ते काम बांधणे, हे आपल्या सार्वजनिक आरोग्याचे जुने शहाणपण आहे.

आरओपीबाबत अशी भेट उपलब्ध आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्यावर आधारित कार्यक्रम २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींमार्फत चालतो. त्यात आशा एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीत तिने एकच प्रश्न विचारायचा: डोळे तपासले का? कार्डावर शिक्का नसेल, तर बाळाला नेण्याची व्यवस्था करायची. आजारी बालकांच्या मोफत वाहतुकीची तरतूद जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. सुरुवातीला ती तीस दिवसांपुरती होती, पुढे ती एक वर्षापर्यंत वाढवली गेली. म्हणजे घरी जाणारे माणूस आहे आणि वाहनही आहे. दोहोंना जोडणारा आदेश काढायचा आहे.

माझ्या मते जिल्हा पातळीवर पाच गोष्टी ठरवल्या, तर बरेच साधेल. पात्र बाळाला पहिल्या तपासणीची तारीख आणि जागा डिस्चार्ज कार्डावर लिहून दिल्याखेरीज घरी सोडू नये. शक्यतो पहिली तपासणी कक्षातच व्हावी. प्रत्येक कक्षासाठी आठवड्याचा एक वार ठरलेला असावा. प्रत्येक जिल्ह्यात दोन माणसे प्रशिक्षित असावीत, आणि त्यांची किमान तीन वर्षे बदली होऊ नये. झालीच तर दुसरी व्यक्ती तयार झाल्यावरच व्हावी. लेसर उपचार कुठे होणार, ते केंद्र आधीच निश्चित असावे आणि बाळ ७२ तासांत तिथे पोहोचवण्याची जबाबदारी पालकांवर न टाकता जिल्हा शल्यचिकित्सकावर असावी. आणि आढावा बैठकीत दोनच आकडे वाचले जावेत: पात्र बालकांपैकी किती जणांची तपासणी तीस दिवसांत झाली, आणि उपचार लागणाऱ्यांपैकी किती जणांना तो वेळेत मिळाला. खासगी प्रसूतिगृहांतील काचपेट्यांनाही हाच नियम लागू व्हावा, कारण तिथे जन्मणारी बालकेही याच जिल्ह्यातील आहेत.

आधी बालके जगू द्या, डोळ्यांचे नंतर पाहू, असे म्हणणारे अधिकारी मला भेटले आहेत. टंचाईत वाढलेल्या प्रशासनाला असा क्रम लावण्याची सवय असते. पण इथे दोन गरजा एकमेकींच्या वाट्याचे काही घेत नाहीत. तेच बाळ, तोच कक्ष, तोच प्राणवायू, आणि जी परिचारिका प्राणवायू नीट मोजते ती जीवही वाचवते आणि दृष्टीही. शिवाय पासष्टाव्या वर्षी मोतीबिंदूने आलेले अंधत्व शस्त्रक्रियेने जाते. दुसऱ्या महिन्यात पडदा सुटलेले मूल पुढे पन्नास-साठ वर्षे अंधत्वासह जगते. त्याच्या शिक्षणाचा, आईच्या बुडालेल्या मजुरीचा, कुटुंबाच्या ओढाताणीचा हिशेब मांडला, तर काही मिनिटांच्या तपासणीचा खर्च नगण्य ठरतो. या हिशेबाच्याही पलीकडे एक गोष्ट उरते. चाळीसच्या दशकातील डॉक्टरांना कारण ठाऊक नव्हते. आपल्याला कारण, निदान आणि उपचार तिन्ही ठाऊक आहेत, आणि प्राणवायू शासनाच्याच कक्षात शासनाच्याच हाताने दिला जातो.

दरवर्षी राज्ये आरोग्य अभियानाचे आराखडे केंद्राला सादर करतात आणि विधिमंडळांत आरोग्याच्या मागण्यांवर चर्चा होते. लोकप्रतिनिधींनी, पत्रकारांनी आणि जागरूक नागरिकांनी त्या वेळी आपापल्या जिल्ह्यापुरता एक प्रश्न लेखी विचारावा. गेल्या वर्षी आपल्या नवजात कक्षातून दोन किलोपेक्षा कमी वजनाची किती बालके घरी गेली, आणि त्यांपैकी किती जणांचे डोळे तिसाव्या दिवसापर्यंत तपासले गेले? ज्या जिल्ह्याला हे आकडे देता येणार नाहीत, तिथे काम कुठून सुरू करायचे, ते त्या उत्तरातूनच कळेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)